त्यांनी, त्यांना, त्यांचं

मराठीत खोटं बोलायला फार कष्ट पडतात. इंग्रजी मिटिंगमध्ये माणूस 'माय पार्टनर' म्हणून मोकळा होतो. मराठीत क्रियापद चुगली करतं. 'तो गेला' म्हटलं की संपलं, आणि 'ती गेली' म्हणायचं तर वाक्यागणिक जिभेवर पहारा ठेवावा लागतो. मी यावर एक तोड काढली होती: आदरार्थी बहुवचन. 'त्यांनी मला सोडलं.' 'त्यांना माझं पिणं सहन होईना.' 'त्यांचं थोडं सामान अजून माझ्या कपाटात आहे.' बाई की बाप्या, ब्रह्मदेवालाही कळू नये. २०१५च्या जूनमध्ये मी अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे एए, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना, तिच्या मिटिंगला जायला लागलो आणि पुढचं सव्वा वर्ष सगळं शेअरिंग या 'त्यांनी-त्यांना'च्या पडद्याआडून केलं.

पकडलं ते माझ्या स्पॉन्सरने. (स्पॉन्सर म्हणजे आपल्या आधी दारू सोडलेला माणूस, जो आपल्याला दारू सोडण्याच्या एएच्या बारा पायऱ्यांवरून हाताला धरून नेतो. पैशांशी काही संबंध नाही.) बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले काका, पंचवीस वर्षं सोबर. एका मिटिंगनंतर दादर स्टेशनकडे चालता चालता म्हणाले, "एक विचारू का रे? मी बेवडे शेकड्याने बघितले. बायकोला शिव्या घालणारे बघितले, मारणारे बघितले. पण बायकोला एवढं अहो-जाहो करणारा तू पहिलाच."

मी हसून विषय बदलला. रात्री झोप लागली नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं, २००१ पासून इकडे. दुसऱ्यांच्या यकृताचे आकडे काढता काढता मी गुपचूप माझंही रक्त लावून बघायचो. गॅमा जीटी नावाचं एक एन्झाइम असतं, पिणाऱ्यांचं ते बहुधा चढलेलं असतं. माझं एकदा नॉर्मलच्या सहापट आलं होतं. त्यावर मी केलं काय? रिपोर्ट प्रिंट केला नाही.

प्यायला कारण लागत नाही, पण आमच्यासारख्यांना कारणं थेट कोर्टातून मिळत होती. २ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयाने आम्हाला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून बाहेर काढलं, तेव्हा मी आनंदाने प्यालो. ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने परत आत ढकललं, तेव्हा दुःखाने प्यालो. दोन्ही रात्री संपल्या त्या एकाच मित्राच्या बाथरूमच्या फरशीवर. मधल्या वर्षांत कुठला निकाल नव्हता, तरी फरशी होतीच. आणि आपल्यासारखा माणूस भेटायचा तरी कुठे? शनिवारची पार्टी, बार, नाहीतर कोणाच्या तरी फ्लॅटवरची बैठक. तिन्हीकडे हातात ग्लास. पहिल्यांदा एका पुरुषाचा हात हातात घेतला तेव्हा ते धैर्य कुठून आलं हे मला पक्कं ठाऊक होतं. नव्वद मिलीतून. म्हणून दारू सोडायची म्हणजे विहिरीच्या मधोमध आल्यावर कंबरेचा डबा सोडायचा, असं मला वाटायचं.

पाचवी पायरी म्हणजे चौथ्या पायरीत लिहून काढलेला आपला सगळा पाढा देवापुढे, स्वतःपुढे आणि आणखी एका माणसापुढे वाचायचा. ऑक्टोबर २०१६, शिवाजी पार्कचा कट्टा. मी वहीतली अकरा पानं वाचली, बारावं चिकटल्यासारखं करून तेरावं उघडलं. काका म्हणाले, "मधलं राहिलं." कंडक्टर माणूस. विनातिकीट प्रवासी नजरेने ओळखण्यात हयात गेलेली.

वाचलं. 'तो' असंच वाचलं. तो आला, तो राहिला, माझ्या उलट्या त्याने पुसल्या, मी त्याच्यावर हात उचलला, तो गेला.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यातलं मला काही कळत नाही. जे कळतं ते सांगतो." आणि त्यांनी तिसऱ्या परंपरेची गोष्ट सांगितली. (पायऱ्या माणसासाठी, तशा गटांनी कसं चालावं यासाठी एएच्या बारा परंपरा आहेत.) एए सुरू झालं १९३५ साली. त्यानंतर दोनेक वर्षांत एक माणूस एका गटाच्या दारात आला आणि म्हणाला, दारूपेक्षाही मोठा बट्टा लागलाय मला, घ्याल का? जुने सभासद हादरले. लोक काय म्हणतील, गट बुडेल. बरीच घासाघीस झाली आणि शेवटी त्याला घेतलं. पुढे त्याने कित्येकांपर्यंत हा मार्ग पोचवला. बट्टा कुठला ते परंपरांच्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण संस्थापक बिल यांनी नंतर एका भाषणात तो उघड केला होता. "म्हणून सभासद व्हायला अट एकच ठेवली," काका म्हणाले. "दारू सोडायची इच्छा. तुझी आहे ना? मग ऊठ, चहा घेऊ."

पण काकांना सांगितलं म्हणजे खोलीला सांगितलं असं होत नाही. खोलीत मी 'त्यांनी'च म्हणत राहिलो. एक ज्येष्ठ सभासद होते, हजरजबाबी, त्यांच्या दर तिसऱ्या किश्शात एक 'बायल्या' असायचा आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. त्याहून जास्त टोचायची ती बक्षिसांची यादी. दारू सुटली आणि बायको माहेराहून परत आली. दारू सुटली आणि मुलगी 'बाबा' म्हणून बोलायला लागली. दारू सुटली आणि सासऱ्यांनी लग्नात पुढे बसवलं. खरं होतं ते सगळं, टाळ्याही मी मनापासून वाजवायचो. पण माझ्याकडे परत येण्यासारखं काय होतं? गावात आईने मुलगी बघून ठेवली होती, आणि दारू सुटल्यामुळे आता माझ्याकडे लग्न टाळायचं कारणच उरलं नव्हतं! इतकी वर्षं 'पितो' हे किती सोयीचं उत्तर होतं.

६ सप्टेंबर २०१८, गुरुवार. दुपारी निकाल आला. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध शून्य असा ३७७चा आमच्यावरचा फास काढला. फोन दर मिनिटाला थरथरत होता, संध्याकाळच्या तीन पार्ट्यांची निमंत्रणं होती. मी लॅबच्या जिन्यात उभा राहून रडलो आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच प्यायची इतकी तहान लागली की जीभ टाळूला चिकटली. संध्याकाळी नेहमीच्या मिटिंगला जाऊन बसलो. बाहेरच्या विषयांवर एए मत देत नाही, ती दहावी परंपरा आहे आणि ती शहाणपणाची आहे, नाहीतर दर निवडणुकीला ग्रुप फुटले असते. त्यामुळे निकालाबद्दल बोलायचं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "आज मला आनंदाने प्यावंसं वाटतंय. कारण सांगत नाही. फक्त आजचा दिवस काढायचा आहे."

मिटिंग संपल्यावर खुर्च्या रचताना एक गृहस्थ शेजारी आले. पन्नाशीचे, वसईचे, रोज सफारी घालणारे. दोन वर्षं आम्ही एकमेकांना फक्त 'कसं काय' म्हणत होतो. खालच्या आवाजात म्हणाले, "तुमचा आनंद कसला ते मला कळलं. माझाही तोच आहे."

त्या रात्री आम्ही दोघांनी स्टेशनबाहेरच्या उडप्याकडे चार-चार कॉफ्या प्यायल्या. शेवटच्या लोकलची वेळ झाली तेव्हा ते म्हणाले, "आपण दोघं झालो. परंपरेप्रमाणे दोघं पुरतात." खरंच पुरतात. सोबर राहण्यासाठी दोन-तीन दारुडे एकत्र जमले, तर ते स्वतःला एएचा ग्रुप म्हणवू शकतात, फक्त त्या ग्रुपला दुसऱ्या कशाचं लेबल नको.

आता या 'दुसऱ्या लेबला'वरूनच रामायण झालं. वेगळी चूल कशाला, असं बऱ्याच जुन्या मंडळींचं म्हणणं. इथे तुम्हाला कोणी हाकललं का? नाही हाकललं. पण मुंबईत फक्त बायकांच्या मिटिंगा होतात, इंग्रजीच्या वेगळ्या, हिंदीच्या वेगळ्या होतात. मद्यपी तोच, बोलायची जागा वेगळी. शेवटी काकाच आमच्या बाजूने उभे राहिले. कुठून तरी त्यांनी माहिती काढली होती की अमेरिका-कॅनडातल्या एएच्या परिषदेने १९७४ सालीच गे ग्रुप यादीत छापायचं मतदानाने ठरवलं होतं. "चव्वेचाळीस वर्षं झाली," ते म्हणाले, "एए बुडाली नाही. आणि हे काही वेगळा देव मागत नाहीयेत, वेगळा वार मागतायत."

वार मिळाला, खोली मिळेना. समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जागा देऊ केली, तीही फुकट. आम्ही नाही म्हटलं. एक तर सातवी परंपरा: आपला खर्च आपण करायचा, टोपी फिरवून. दुसरं म्हणजे त्या फाटकातून आत जाताना कोणी बघितलं तर, ही धास्ती. ज्याला दोन-दोन गोष्टी लपवायच्या आहेत त्याला पाटी नसलेलं दार लागतं. मग एका शाळेत विचारलं. 'व्यसनमुक्ती' म्हटल्यावर तिथले गृहस्थ गहिवरले, समाजकार्य म्हणाले, किल्ली काढून दिली. तिसऱ्या शनिवारी त्यांना कुठून तरी कळलं. "दारुडे चालतील हो," ते अगदी नम्रपणे म्हणाले, "हे नको." शेवटी स्टेशनपासून सात मिनिटांवर एका शिवणक्लासच्या माळ्यावर जागा मिळाली, बैठकीला तीनशे रुपये. क्लासच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "मशिनी हलवणार नाही ना?" अजून तिथेच आहोत. मशिनींच्या रांगेमध्ये वर्तुळ करून बसतो, टाचण्या टोचतात.

पहिल्या महिन्यात चार, तीन महिन्यांनी अकरा. सगळे पुरुष. आणि हे मी आज कबूल करतो, ते कोणाला खटकलं नव्हतं. मार्च २०१९मध्ये पहिली बाई आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, शांत, नर्स. एक मिटिंग केली आणि परत आली नाही. आम्ही म्हटलं, असतील काही अडचणी.

काय अडचणी होत्या ते वर्षाने कळलं, लॉकडाउनमध्ये. २५ मार्च २०२०ला देश बंद झाला, आम्ही झूमवर गेलो. दारूची दुकानंही बंद, आणि ज्यांना रोज लागते त्यांची अवस्था वाईट. चौथ्या दिवशी एका अनोळखी मुलाचा फोन: हात थरथरतायत, भिंतीवर मुंग्या दिसतायत. असं अचानक बंद झाल्यावर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो, तिथे प्रार्थना नाही, डॉक्टर लागतो. मी नर्सबाईंचा जुना नंबर शोधून लावला. त्यांनी त्या मुलाच्या शेजाऱ्याला फोनवरून अर्धा तास सूचना दिल्या आणि त्याला कॅज्युअल्टीपर्यंत पोचवला. मग मला म्हणाल्या, "आता तू विचारलंस म्हणून सांगते." खरं तर मी काहीच विचारलं नव्हतं.

"तुमच्याकडे तासाभरात मी अकरा पुरुषांच्या अकरा प्रेमकथा ऐकल्या. एकाने मला हाय म्हटलं नाही. चहाच्या वेळी एक जण बोलला, ते 'कप विसळून देता का' म्हणून. मिटिंग रात्री आठला, सुटते साडेनऊला, कल्याणला पोचायला अकरा. बाईने यायचं कसं ते तुम्हाला सुचलंच नाही. आणि ते दोघं कोपऱ्यात नवीन आलेल्या पोराला जे खेटून बसले होते, त्याला आमच्याकडे तेरावी पायरी म्हणतात. पायऱ्या बाराच आहेत."

मला राग आला, मग लाज वाटली, आणि तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं की झूमची मिटिंग तुम्ही चालवाल का. त्यांनी चालवली. त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या ताई.

झूमवर बायका येऊ लागल्या. नाशिकहून, लातूरकडून, एक तर पार मस्कतहून. कॅमेरा बंद, नावाच्या जागी 'सॅमसंग'. कोणी गच्चीवरून बोलायची, कोणी न्हाणीघरात नळ सोडून. पुरुषाची दारू गल्लीला ठाऊक असते. बाईची कपाटात, साड्यांच्या घडीत, खोकल्याच्या बाटलीत असते. त्यात तिचं मन बाईवर जडलेलं असेल तर ती कुठल्या तोंडाने मदत मागणार? एकीने सांगितलं, घरच्यांनी तिला 'त्यासाठी' डॉक्टरकडे नेलं, महिनोन्महिने गोळ्या दिल्या. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा आजार नाही असं २०१८मध्ये जाहीर केलं होतं, पण ते तिच्या तालुक्यापर्यंत पोचलं नव्हतं. जो आजार नव्हता त्याचे उपचार चालले होते, आणि जो होता तो साड्यांमागे खंब्यात.

४ मेला राज्यात दुकानं उघडली. टीव्हीवर रांगा दाखवत होते, किलोमीटरभर. त्या दिवशी आम्ही सकाळी सातला झूम लावलं ते रात्री अकरापर्यंत बंद केलं नाही. कोणी बोलत होतं, कोणी नुसतं भाजी निवडत बसलं होतं. एक जण घसरला. दुसऱ्या दिवशी आला आणि 'पहिला दिवस' म्हणाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमचा खरा सांधा जुळला तो मात्र एका नियमामुळे, किंवा तो नियम आम्हाला लागू पडेना म्हणून. एएमध्ये साधारण रीत अशी की पुरुषाला पुरुष स्पॉन्सर, बाईला बाई. कारण उघड आहे: दारू नुकतीच सुटलेली असते, मन ओलं असतं, भलतीकडे घसरायला वेळ लागत नाही. आता हीच रीत आमच्याकडे लावली तर? ज्या घसरणीपासून वाचायचं तीच समोर आणून बसवल्यासारखं. आमच्यात तसं दोनदा झालंही. स्पॉन्सर आणि त्याचा नवखा प्रेमात पडले, बिनसलं, दोघंही प्यायला लागले, आणि एकाचं तोंड आम्ही परत बघितलं नाही. ताईंनी ग्रुपच्या बैठकीत साधा प्रश्न टाकला: "नियम कशासाठी होता? ओढ नको म्हणून ना? मग आपल्याकडे तो उलटा करा. मुलांना बायका, बायकांना पुरुष."

दोन तास वाद झाला. वसईचे गृहस्थ म्हणाले, बाईसमोर मी माझी चौथी पायरी कशी वाचू? एक बाई म्हणाली, पुरुषासमोर मी काहीच वाचणार नाही, पुरुषांना वाचून दाखवून दाखवूनच इथवर आलेय. सक्ती कोणावरच केली नाही. पण सुरुवात झाली. त्या मुंग्या दिसणाऱ्या पोराला ताईंनी घेतलं. आणि लातूरकडच्या बाईने, तिचा मुंबईत कोणावरच विश्वास नसताना, का कोण जाणे मला विचारलं.

दर मंगळवारी रात्री फोन. पहिले दोन महिने ती मला फक्त भाज्यांचे भाव सांगायची. मी ऐकायचो. काकांनी माझं ऐकलं होतं तसं, घाई न करता. तिसऱ्या महिन्यात ती नवऱ्याबद्दल बोलायला लागली, आणि नवऱ्याने तिच्यावर हात उचलल्याच्या गोष्टीपाशी आल्यावर मी फोन कानापासून जरा लांब धरला. कारण माझ्या बाराव्या पानावरही तेच होतं. फरक एवढाच की तिथे हात माझा होता. पुरुषांच्या खोलीत 'मी त्याला मारलं' म्हटलं की सगळे मान हलवतात, आमचंही झालंय म्हणतात. ज्याने मार खाल्ला तो त्या खोलीत नसतो. इथे ती होती, दर मंगळवारी. त्यानंतरच मी नववी पायरी, झालेल्या नुकसानीची भरपाई, खऱ्या अर्थाने करायला घेतली. माझं पत्र 'त्याला' पोचलं. उत्तर आलेलं नाही. यायलाच हवं असं काही नाही, असं तीच मला म्हणाली.

२०२२मध्ये माळ्यावर परत जमलो तेव्हा वेळ बदलली होती: रविवार, सकाळी अकरा. कप ज्याचे त्याने विसळायचे. सतरा जणांत सहा बायका. झूमची मिटिंग बुधवारी चालू ठेवली, गच्चीवाल्यांसाठी.

भांडणं संपली असं नाही. त्याच वर्षी सगळ्यात मोठं झालं. पंचविशीतली मुलं यायला लागली होती, त्यांचा मुख्य त्रास दारू नव्हताच. आइस, म्हणजे मेथ. ॲपवरून ठरणाऱ्या पार्ट्या, दोन-दोन रात्री जागरण, आणि नशेशिवाय कोणाच्या जवळच जाता येत नाही ही अवस्था. आमच्या नव्वद मिलीची गोष्ट, फक्त वेगाने. जुने म्हणाले, ही एए आहे, विषय दारू, ड्रग्जसाठी नार्कोटिक्स अनॉनिमस, म्हणजे एनए आहे, १९५३पासून आहे, तिकडे जा. नवे म्हणाले, तिकडे जाऊन परत 'त्यांनी-त्यांना' सुरू करू का? दोघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत. विषय भरकटला की दारुड्याला वाटतं, माझं एवढं काही बिघडलेलं नाही, आणि तो उठून जातो. दोन महिने बैठका झाल्या. एकाने खजिनदारपद सोडलं, हिशेबाची वही मशिनीवर आपटून. अखेर ठरलं ते असं: शेवटचा रविवार खुला, कोणीही यावं. बाकीचे रविवार बंद मिटिंग, दारूची. आणि अशा मुलाला एनएच्या पहिल्या तीन मिटिंगांना एकट्याला पाठवायचं नाही, आमच्यातल्या कोणीतरी बरोबर जायचं. ताई दोनदा गेल्या. तिथे सगळ्यांना वाटलं त्या त्या मुलाची आई आहेत. त्यांनी चूक दुरुस्त केली नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ला लग्नाच्या हक्काचा निकाल आला, नकाराचा. ताई आणि त्यांची मैत्रीण एकवीस वर्षं एकत्र राहतायत. बुधवारच्या झूमवर ताईंनी त्यावर अवाक्षर काढलं नाही, दहावी परंपरा. फक्त म्हणाल्या, "काल रात्री मी आणि घरची, आम्ही दोघींनी पुरणपोळ्या केल्या. उगाच. हात कामात असलेले बरे."

मग दिवाळी आली. आमच्यासाठी वर्षातले सगळ्यात घसरडे दिवस. ज्यांना घर आहे ते घरी जाऊन तोंडं सांभाळतात, ज्यांना नाही ते खोलीत दिवे न लावता बसतात. म्हणून भाऊबीज आम्ही त्यानंतरच्या रविवारी ठेवली, १९ नोव्हेंबरला. त्या दिवशी दुपारी दोनला अहमदाबादेत विश्वचषकाची फायनल, त्यामुळे निम्म्या लोकांचं लक्ष घड्याळाकडे. फराळ आला, पाट आला, ताटात निरांजन. ओवाळणी टाकली तर ती ग्रुपच्या टोपीत जमा करायची का, असं नव्या खजिनदाराने विचारलं. ताई म्हणाल्या, "हात लावून बघ."

मग लातूरकडची बाई उभी राहिली. ती पहिल्यांदाच मुंबईला आली होती. म्हणाली, "मी दर वर्षी तीन भावांना ओवाळलं. त्याच तिघांनी मला घराबाहेर काढलं. मी ताट धरणार नाही."

खोलीत नुसता पंख्याचा आवाज. कोणाला काय बोलावं सुचेना. तेव्हा ते मुंग्यांवालं पोर, साडेतीन वर्षांचं सोबर, उठलं, ताट उचललं आणि तिच्यासमोर जाऊन उभं राहिलं. औक्षण कसं करायचं त्याला माहीत नव्हतं. निरांजन उलटं फिरवायला लागला, तीन बायका एकदम ओरडल्या. तिला हसू फुटलं, आणि मग तिने पाटावर बसून घेतलं. त्यानंतर ज्याला वाटेल त्याने ज्याला वाटेल त्याला ओवाळलं. वसईच्या गृहस्थांनी कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि नाताळात सगळ्यांनी माझ्याकडे यायचं असं बजावलं. एक जण मात्र हे असलं धार्मिक काही एएत नको म्हणून निघून गेला. त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. पुढच्या वर्षी बैठकीत घेऊ.

दीड वाजता सगळे पळाले. मॅच हरलो ते ठाऊकच आहे. रात्री साडेनऊनंतर ग्रुपच्या फोनला श्वास नव्हता. हरल्याचं दुःख हेही एक कारण असतंच. साडेदहाच्या सुमाराला एक अनोळखी नंबर. बाईचा आवाज, अगदी हळू.

"ते दारू सोडायचं असतं ते तुमच्याकडेच ना?"

मी हो म्हटलं. किती दिवस झाले शेवटची घेऊन, हात थरथरतात का, घरी कोण आहे, ते विचारलं.

"आम्ही दोघंच असतो. त्यांना माझं पिणं आवडत नाही. त्यांनी सांगितलंय, आता हे शेवटचं."

'त्यांनी' म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. म्हटलं, येत्या रविवारी सकाळी अकराला खुली मिटिंग आहे, न पिणारेही येऊ शकतात, त्यांना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन या. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज आला नाही, पण फोन ठेवला नव्हता. म्हणून मी पत्ता सांगायला लागलो. पश्चिमेला उतरा. पुलावरून नको, खालून या, गर्दी कमी असते. फुलवाल्याला लागून जिना आहे, अरुंद आहे, दिवा नाही. वर आलात की शिवणाच्या मशिनी दिसतील. चुकलो असं वाटेल. तिथेच थांबा.